स्लो कुकर गेला, भांडे राहिले

आमच्याकडचा स्लो कुकर, म्हणजे मंद उबेवर तासन्‌तास अन्न शिजवणारे विजेचे उपकरण, अमेरिकेतून आलेला, म्हणजे तिथल्या १२० व्होल्टसाठी बनवलेला होता. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तो ट्रान्सफॉर्मर जोडूनच चालवावा लागे. शेवटी त्याच्या बाहेरच्या भागातील तापणारी तार निकामी झाली आणि तशी तार बेळगावात मिळेना, तेव्हा तो भाग ई-कचऱ्यात दिला; आतले भाजलेल्या मातीचे जाड, झिलईदार, लांबट भांडे मात्र अखंड होते. शहापूरला राहणाऱ्या मावशींकडेही असेच एक गोल भांडे माळ्यावर पडून होते, तेही त्यांनी माझ्याकडे पाठवून दिले.

भांडे गॅसवर ठेवून पाहावे, हा विचार सर्वांना प्रथम सुचतो आणि तोच सर्वांत आधी सोडून द्यावा. कुकरमध्ये या भांड्याला भोवतालच्या तारेची ऊब सावकाश, तासन्‌तास मिळते. गॅसची ज्योत मात्र तळाच्या एकाच भागाला लागते, तेवढाच भाग तापून प्रसरण पावतो, बाजू थंड राहतात आणि भांडे तडकते. फ्रीजमधून काढलेल्या भांड्यात उकळते पाणी ओतले तरी हाच धोका असतो.

कोणते भांडे कोणत्या कामाला लावायचे, हे मी झिलई पाहून ठरवले. दोन्ही भांड्यांत हळदीचे पाणी रात्रभर ठेवले. सकाळी धुतल्यावर आमचे भांडे स्वच्छ निघाले, परंतु मावशींच्या भांड्यात बारीक पिवळ्या रेषांचे जाळे उमटले. अशा भेगांत शिरलेला अन्नाचा अंश घासूनही निघत नाही, म्हणून ते स्वयंपाकातून बाद केले.

आमच्या भांड्याचा खरा उपयोग थंडीत कळला. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने डिसेंबर-जानेवारीत इथे विरजण लवकर लागत नाही. भांडे आधी कोमट आणि मग गरम पाण्याने तापवून घ्यायचे, पाणी ओतून टाकून त्यात बोट सोसेल इतके कोमट दूध विरजायचे आणि ते घोंगडीत गुंडाळून ठेवायचे. जाड भिंती ऊब धरून ठेवतात आणि सकाळी दही घट्ट लागलेले असते. आंबोळीचे पीठही त्यात चांगले फुगते, मात्र भांडे निम्म्यापेक्षा थोडेच अधिक भरावे. त्याचे काचेचे झाकण सैल बसते, ते पिठाला सोयीचे. लोणच्याला मात्र चालत नाही. कैरीचे लोणचे मी अजून बरणीतच घालते.

मावशींच्या भांड्याची कुंडी करायची ठरवली, पण त्यात एक अडचण होती. खानापूरकडच्या साध्या मातीच्या कुंडीच्या भिंतींतून ओल बाहेर पडते, झिलईच्या भिंतींतून ती पडत नाही. त्यामुळे तळाला भोक नसेल तर आमच्या पावसाळ्यात मुळे कुजणारच. शेजारी फरशी बसवण्याचे काम चालू होते, तिथल्या कारागिराकडे हिऱ्याचे टोक असलेली ड्रिलची गोल बिट होती. त्याने भांडे वाळूवर पालथे ठेवले, तळाला चिकटपट्टी लावली आणि म्हणाला, “काकू, ड्रिलचा ठोके देणारा हातोडा बंद केलाय, तुम्ही फक्त पाणी सोडत राहा.” बिट प्रथम तिरकी धरून त्याने खाच पाडली, मग ती सरळ केली, आणि शेवटी हाताचा दाब इतका कमी केला की मला ड्रिल थांबले असेच वाटले, आतल्या बाजूची झिलई उडू नये म्हणून हे करावे लागते. भोके तळाच्या कडेपासून आत घेतली. भोकांवर खापराचे तुकडे ठेवून माती भरली आणि पुदिना लावला, कारण या उथळ भांड्यात खोल मुळांचे झाड टिकले नसते. भरलेली कुंडी बरीच जड होते, म्हणून ती गॅलरीच्या कठड्यावर न ठेवता खाली दोन विटांवर ठेवली आहे. विटांमुळे भोके मोकळी राहतात. मावशींचे गोल झाकण आमच्या लोखंडी कढईवर बसते, तेवढे मी परत दिलेले नाही.