पावसात मिसिंग, आणि दोष कॅपचा नव्हताच

१९६७ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी इंजिन, एसयू कंपनीचे दोन कारबोरेटर. कोरड्या रस्त्यावर तक्रार शून्य. पावसात दहा मिनिटं पळाली की मिसिंग सुरू (ठिणगी चुकून इंजिन अडखळणं), तेही चढावर किंवा रेस दाबली की जास्त. जुलैत आमच्या पुण्यातल्या गॅरेजवर आली तोवर कारबोरेटर दोनदा खोलून झाले होते, टाकीतलं पेट्रोलही बदललं होतं. पेट्रोलमध्ये पाणी असतं, तर गाडीने कोरड्यातही झटके दिले असते.

पहिली खूण आरपीएमच्या काट्याने दिली. या गाडीचा मीटर कॉइलच्या प्रायमरीतले, म्हणजे कमी व्होल्टेजच्या बाजूचे, ठोके मोजतो. याच बाजूचे पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क), कंडेन्सर किंवा स्विच दगा देत असेल तर काटा थरथरतो, खाली पडतो. इथे इंजिन अडखळत होतं आणि काटा जागच्या जागी. म्हणजे प्रायमरी बाजू ठीक. गळती हाय टेन्शनमध्ये, कॉइलपासून प्लगपर्यंतच्या जास्त व्होल्टेजच्या बाजूला.

मग मेलेले सिलिंडर शोधले. फवाऱ्याच्या बाटलीने डेल्को, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, ओला केला आणि आयडलवर (रेस न देता) इन्सुलेटेड पकडीने प्लगच्या टोप्या एकेक करून काढल्या. २ आणि ४ची टोपी काढली की इंजिन बसायचं. १ आणि ३ची काढून काही फरक नाही. इथेच कारबोरेटर संशयातून सुटला. पुढचा कारबोरेटर १ आणि २ला पुरवतो, मागचा ३ आणि ४ला. १ आणि ३ यांच्यात सामाईक एकच गोष्ट: फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणून डेल्कोच्या झाकणावर, म्हणजे कॅपवर, यांच्या वायरी शेजारी.

शटर ओढून अंधार केला, पुन्हा फवारलं. कॅपवर १ आणि ३च्या मध्ये निळी रेघ धावताना दिसली. कॅप पुसल्यावर पेन्सिलीने ओढल्यासारखा काळा माग सापडला. नुसतं पाणी फारसं करंट नेत नाही, पण धूळ आणि तेल मिसळलेला ओलावा नेतो. एकदा कॅपचं बेकेलाइट (कडक प्लास्टिक) जळून कार्बन झाला की तो रस्ता कायमचा. १ नंबर कॉम्प्रेशनच्या टोकाला असतो तेव्हा ३ नंबर कॉम्प्रेशनला नुकताच लागलेला असतो. तिथे दाब कमी, म्हणून ठिणगीला तिकडे उडणं सोपं. तेव्हा ३चा इनटेक व्हॉल्व्ह पुरता मिटलेलाही नसतो, म्हणून मागच्या कारबोरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येत होता. कारबोरेटर दोनदा का उघडले गेले, ते यावरून कळतं.

नवी कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर टाकून बिल करता आलं असतं. पण माग नेमका याच दोघांमध्ये का पडला? मल्टिमीटर कॅपच्या आतल्या टोकापासून प्लगच्या टोपीपर्यंत लावला. २ आणि ४चं रीडिंग स्थिर. १ आणि ३ची वायर हलवली की मीटर थेट ओपन, म्हणजे जोड तुटलेला. या कॅपमध्ये वायर बाजूने शिरते आणि आतून टोकदार स्क्रू तिच्यात घुसतो. हा स्क्रू तांब्याच्या तारांसाठी आहे. कुणीतरी कार्बन कोअरच्या वायरी घातल्या होत्या. स्क्रूने कार्बनचा धागा तुटला आणि आत फट पडली. शिवाय ‘ठिणगी मोठी पडावी’ म्हणून प्लगचा गॅप १ मिमी केलेला. दोन्ही मिळून व्होल्टेज चढत गेलं, आणि पाऊस लागताच त्याला प्लगपेक्षा कॅपवरून जाणं सोपं पडलं. नुसती कॅप बदलली असती तर तीही जळली असती.

७ मिमी कॉपर कोअर वायर घेतली. टोक काटकोनात कापायचं, भोकात तळाला टेकेपर्यंत दाबायचं, मगच स्क्रू आवळायचा. अर्धवट शिरलेली वायर पुन्हा तोच आजार आणते. रबरी बुटांत सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर दिला. रेडिओची खरखर नको म्हणून प्लगला ५ किलोओहम रोधाच्या टोप्या. प्लग गॅप ०.६४ मिमी, पॉइंट ०.३८. पाणी हटवणारा स्प्रे मुद्दाम टाळला: त्याने तेवढ्यापुरतं काम होतं, पण मागे राहणाऱ्या चिकट थरावर धूळ बसते.

अंधारात अर्धी बाटली फवारली, निळं काही दिसलं नाही. चढावरची चाचणी मात्र भर पावसातच घेतली, कारण आयडलवर प्लगला कमी व्होल्टेज पुरतं आणि दोष लपून राहतो. २ आणि ४च्या वायरी चालू होत्या, तरी त्याही काढल्या. जातीने त्या कार्बनच्याच.