पहिला बोर्ड ऊनोच घ्या

इलेक्ट्रॉनिक्स शिकायला पहिला मायक्रोकंट्रोलर बोर्ड (कोड भरून एलईडी, सेन्सर चालवायचा छोटा कम्प्युटर) कोणता घ्यावा, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: आर्डुइनो ऊनो आर३. मंडळी लगेच नाकं मुरडतात. २ केबी रॅम, १६ मेगाहर्ट्झ, हे काय! ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डात वायफाय आहे, ब्लूटूथ आहे. आहे ना. पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या. ५ व्होल्टचा सेन्सर सरळ जोडला की चिप जायची भीती. ऊनो बराच मार सहन करतो. एटीमेगा३२८पी ही मुख्य चिप सॉकेटमध्ये बसवलेला ऊनो मागा, म्हणजे जळलीच तर तेवढी चिप बदलता येते. नवी घेताना बूटलोडर (यूएसबीवरून कोड चढवू देणारा छोटा प्रोग्राम) भरलेली आहे ना, ते विचारा.

पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत क्लोन, म्हणजे दुसऱ्या कंपनीची नक्कल, सहज मिळतो. त्यावर सीएच३४० ही यूएसबीची चिप असेल तर विंडोजला ड्रायव्हर लागू शकतो. आणि केबल तपासा. काही केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. बोर्डावरचा दिवा लागतो, कम्प्युटरवर पोर्ट मात्र दिसत नाही. ते ३७ सेन्सरवालं किट नको, अर्धं खोक्यातच राहतं.

१३ नंबरच्या पिनेचा एलईडी लुकलुकला की सगळे रोबोकडे पळतात. त्याआधी एक तार २ नंबरच्या पिनेत खोचा, दुसरं टोक मोकळं ठेवा, ती पिन वाचून छापणारा कोड चढवा आणि सीरियल मॉनिटर (बोर्ड काय पाठवतोय ते दाखवणारी कम्प्युटरवरची खिडकी) बघा. काहीच जोडलेलं नसताना ० आणि १ मनाला येतील तसे उमटतात. तारेजवळ हात नेला की आणखी बिघडतात. घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा गोंगाटसुद्धा ती तार पकडते. आता कोडमध्ये ती पिन 'इनपुट पुलअप' करा. सगळे १! आतला रेझिस्टर पिनेला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. बटण पिन आणि ग्राउंडच्या मध्ये लावा, दाबलं की ०.

आमच्या गच्चीवरच्या टाकीचा अलार्म एवढ्यावरच चालतो. टाकी भरली की फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बटण, ती पिन ग्राउंडला टेकवतो, बझर वाजतो. मात्र चार मजले खाली आलेल्या तारेला आतला २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर आवरेना. लिफ्ट सुरू झाली की बझर कोकलायचा. बाहेरून ४.७ किलोओहमचा लावला, आणि सलग दोन सेकंद ० आला तरच वाजव, असं कोडमध्ये घातलं. थांबलं.

आता काकांना पंपही आपोआप बंद व्हायला हवाय. ब्रेडबोर्डाच्या (तारा खोचून सर्किट जुळवायच्या पाटीच्या) आसपास २३० व्होल्ट मी आणणार नाही, तेव्हा पंपाचं बटण वॉचमनच बंद करतो.