आवरलेलं घर पुन्हा विस्कटतं कसं?

‘सुट्टीत दोन दिवस घालवून अख्खं घर आवरलं, पण पंधरवड्यात पुन्हा ये रे माझ्या मागल्या. असं का होतं?’ लोकांना घर लावायला मदत करणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. विचारणारे बहुतेक जण ‘मी मुळातच आळशी’ असंही पुढे जोडून देतात. आळशी माणूस दोन दिवस माळे उपसत बसत नाही हो! त्या दोन दिवसांत वस्तूंच्या जागा बदलतात. त्यांचं करायचं काय, हे मात्र ठरत नाही, आणि न ठरलेल्या वस्तू हळूहळू पुन्हा बाहेर येतात.

बेडरूममधली ती खुर्ची घ्या, जिच्यावर कधीच कुणी बसत नाही. पाठीवर जीन्स, तिच्यावर एकदाच घातलेला कुर्ता, हातावर लोंबणारी ओढणी, आणि सगळ्यात खाली एक स्वेटर, जो तिथे आहे हेच घरचे विसरलेत. हे कपडे धुवायला टाकावेत इतके मळलेले नाहीत आणि धुतलेल्या घड्यांत ठेवावेत असं मनाला पटत नाही. मळलेल्यांना टोपली आहे, धुतलेल्यांना कपाट आहे, या मधल्यांना काहीच नाही. रविवारी तुम्ही ढीग उचलता, निम्मा धुवायला टाकता, निम्मा कपाटात कोंबता. सोमवारी रात्री जीन्स परत खुर्चीवर! यात स्वभावाचा काय दोष? दारामागे चार हुक लावले की बऱ्याच घरांत हा विषय संपतो.

सगळं हुकांवर भागलं असतं तर मला काम उरलं नसतं. अवघड असतात त्या ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेल्या वस्तू. माणसं निर्णय कसे घेतात याचा अभ्यास करणारे डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांचा 1990 सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि विकायला सांगितलं. ज्यांना मग मिळाला नव्हता ते जेवढे पैसे द्यायला तयार होते, त्याच्या साधारण दुप्पट किंमत मगवाल्यांनी मागितली. तो मग त्यांचा ‘आपला’ होऊन किती वेळ झाला होता? काही मिनिटं. तुमच्याकडे तर वस्तू वर्षानुवर्षं आहेत. म्हणून मी ‘हे टाकायचं का?’ असं विचारत नाही. ‘आज हे घरात नसतं तर मुद्दाम जाऊन आणलं असतं का?’ असं विचारते. उत्तर पटकन येतं.

भावनेत गुंतलेल्या वस्तूंचा फोटो काढून ठेवला तर त्या द्यायला सोपं जातं, असं 2017 सालच्या एका अभ्यासात दिसलं, आणि माझाही अनुभव तसाच आहे. पण हा उपाय आठवणींच्या वस्तूंना लागू पडतो. कोपऱ्यातली धूळ खात पडलेली गिटार, न उघडलेली परकी भाषा शिकायची पुस्तकं, बारीक झाल्यावर घालायचे कपडे यांच्यात कसली आठवण असणार? त्यांच्यात असतो आपण अजून न झालेला माणूस. गिटार देणं म्हणजे ‘मी आता गिटार शिकणार नाही’ हे स्वतःला सांगणं. ते जड जातं, आणि जायलाच हवं. अशा वस्तूपाशी मी कुणालाच घाई करत नाही. एवढंच म्हणते की या महिन्यात तिच्यासाठी वेळ कधी काढणार ते कॅलेंडरवर लिहा. बरेच जण पेन हातात घेतात आणि स्वतःच म्हणतात, ‘जाऊ दे, कुणाला तरी देऊन टाकू.’

आवरलेलं टिकण्याचं म्हणाल तर ‘21 दिवसांत सवय लागते’ हे डोक्यातून काढून टाका. लंडनमधल्या संशोधक फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणं-पिणं-व्यायामाच्या साध्या सवयी अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं. मधला आकडा निघाला 66 दिवसांचा, आणि माणसागणिक तो 18 पासून 254 पर्यंत बदलत होता. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते: एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नव्हतं. आपण मात्र एक दिवस चुकला की ‘गेलं सगळं’ म्हणून सोडून देतो. आणि ‘रोज आवरेन’ असा मोघम निश्चय नको. आधीच घडणाऱ्या गोष्टीला काम जोडा. टपालाचं पाकीट हातात आलं की उभ्याउभ्याच उघडायचं, नको तो कागद तिथेच रद्दीत.

हे सगळं ऐकून झालं की पुढचा प्रश्न हमखास येतो, ‘माझं ठीक आहे हो, पण ह्यांच्या वस्तूंचं काय?’ हात लावू नका. परस्पर टाकलेल्या एका डब्यापायी माणूस उरलेले दहा डबे जास्त घट्ट धरून बसतो. आणि घरात चालायला वाट उरली नसेल, पलंगावर झोपता येत नसेल, तर तो नुसता पसारा नसेलही. वस्तू साठवत राहण्याच्या विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली आहे. तिथे माझं काम नाही, मानसोपचारतज्ज्ञांचं आहे. तेही घर रिकामं करून देत नाहीत. एकेक वस्तू त्या माणसाच्याच हातात देऊन, ठेवायची की सोडायची हे त्यालाच ठरवायला शिकवतात.