तेलाचा पैसा, पवनचक्क्या आणि संसदेचा वचक

तेल, वायू, कोळसा विकून आलेला पैसा एकदाच येतो, खाण रिकामी झाली की संपलं. म्हणून तो सौर आणि पवन ऊर्जेत घालावा हे मला मनापासून पटतं, पण त्यासाठी सरकारी फंड नुसता सुरू करून भागत नाही ना, त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार?

नॉर्वेचं बघा. तेलाच्या पैशाच्या फंडाचा कायदा 1990 चा, पहिले पैसे पडले 1996 मध्ये. आणि या फंडाने शेअर बाजाराबाहेरच्या पवन-सौर प्रकल्पांत थेट पैसे घालावेत का, यावर आधी संसदेत चर्चा झाली, 2019 ला होकार मिळाला तोही फंडाच्या जास्तीत जास्त 2 टक्क्यांपर्यंतच, आणि मग 2021 मध्ये नेदरलँड्सच्या समुद्रातल्या बोर्सेले पवन प्रकल्पात त्यांनी 50 टक्के हिस्सा घेतला. म्हणजे आधी परवानगी, मग खरेदी. मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो, कारण पैसे गेल्यावर हिशोब मागून काय हाती लागतं?

घानात 2011 च्या कायद्याने तेलाच्या पैशावर नजर ठेवायला नागरिकांची समितीसुद्धा नेमली, ती अहवाल काढते, पण शिक्षा करायचा अधिकार तिच्याकडे नाही. म्हणून तिथल्या खासदारांनीच तो अहवाल हातात धरून मंत्र्यांना विचारायला हवं की किती जमा झाले, किती खर्च झाले, उरलेले कुठे वळवले. आणि उत्तर आकड्यांत पाहिजे.