घट्ट बसलेली झाकणे

कोजागरीनंतरचा रविवार

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे डागडुजी करून रंगवण्याचे काम आमच्याकडे कोजागरी उलटल्यावरच सुरू होते, त्यामुळे रंगांच्या बहुतेक बाटल्या वर्षातून जेमतेम एकदा उघडल्या जातात. आज ती पेटी खाली काढली आणि अपेक्षेप्रमाणे निम्म्याहून अधिक झाकणे हलेनात. अशा वेळी घरातले कोणी ना कोणी हमखास म्हणते की, गेल्या वर्षी कोणीतरी फार जोराने आवळले असणार. मला हे पटत नाही. नुसत्या आवळण्याने इतक्या लहान बाटलीचे झाकण क्वचितच अडते. ब्रश बाटलीच्या काठावर पुसल्यामुळे आट्यांत उतरलेला रंग तिथे वाळतो आणि तोच झाकणाला धरून ठेवतो. रंगाला मातीवर किंवा प्लास्टरवर टिकवणारा जो बंधक त्यात असतो, तो काच आणि प्लास्टिक यांनाही धरतो, यात नवल नाही. म्हणून झाकणाशी झोंबण्याआधी आत कोणता रंग आहे हे पाहावे, कारण उपाय त्यावर ठरतो.

पोस्टर कलरचे काम सोपे होते. त्यांतला बंधक डिंकाच्या जातीचा, वाळल्यानंतरही पाण्यात पुन्हा सुटणारा. वाटीत कोमट पाणी घेऊन बाटली झाकणापर्यंत पालथी ठेवली, चहा होईपर्यंत तशीच राहू दिली आणि झाकणे हाताने सुटली. एका पांढऱ्या रंगावर मात्र पावसाळ्यातली बुरशी आली होती; ती बाटली टाकून दिली.

ॲक्रिलिकची गोष्ट निराळी आहे. या रंगात प्लास्टिकच्या जातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेले की ते एकमेकांना भिडून एकजीव होतात आणि त्यांचा सलग पापुद्रा बनतो, जो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. तरीही गरम पाण्याचा इथे उपयोग होतोच, आणि तो दोन कारणांनी होतो. पहिले म्हणजे हा पापुद्रा उष्णतेने मऊ पडतो. दुसरे म्हणजे झाकणाचे प्लास्टिक काचेपेक्षा दहापटीहून अधिक प्रसरण पावते: 25 मिमी व्यासाचे झाकण 30 अंशांनी तापवले, तर ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडे कमी फुगते, तर काचेची मान जवळपास तेवढीच राहते. ही फट डोळ्यांना दिसणार नाही, पण वाळलेल्या रंगाची पकड ढिली करायला ती पुरते. मात्र पाणी फक्त झाकणाला लागले पाहिजे, उकळते असू नये, कारण थंड काच अचानक तापून तडकू शकते. आणि झाकण गरम आहे तोवरच फिरवले पाहिजे, कारण गार झाल्यावर ते पुन्हा आवळून बसते.

शेजारचा मुलगा एव्हाना येऊन उभा राहिला होता. "काकू, पक्कड आणू का?" त्याला नको म्हटले आणि कारणही सांगितले. पक्कड झाकणाला दोनच बाजूंनी दाबते, त्यामुळे गोल झाकण लंबगोल होते आणि त्या दोन बाजूंनी मानेला आणखीच घट्ट धरते. शिवाय प्लास्टिक उभे चिरते ते वेगळेच. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा भांडी घासायचा रबरी हातमोजा झाकणाला सगळीकडून सारखा धरतो, म्हणून हाताचे सगळे बळ फिरवण्याकडे जाते. बाटली दुसऱ्या हातात जाड फडक्यात गुंडाळून धरावी, कारण काच फुटली तर ती तळहातातच फुटते. आणखी एक गोष्ट उपयोगी पडते: सोडवण्याआधी झाकण क्षणभर आवळण्याच्या दिशेनेच किंचित दाबून पाहावे. पापुद्रा कुठल्याही दिशेने तुटला तरी चालतो, तो तुटला म्हणजे झाले.

एवढे करूनही जी बाटली हलली नाही, तिच्या झाकणाच्या खालच्या कडेने ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब सोडले आणि ती थोडा वेळ आडवी ठेवली. वाळलेले ॲक्रिलिक पाण्याला दाद देत नाही, पण या अल्कोहोलने ते चिकट, मऊ होते. फक्त जवळ गॅस पेटलेला नको. भगव्या रंगाने मात्र त्यालाही जुमानले नाही. तेव्हा झाकणावर लहान करवतीने चीर पाडून ते फोडून काढले आणि रंग होमिओपॅथीच्या रिकाम्या, धुतलेल्या बाटलीत भरला; त्या बाटल्या आमच्याकडे कधीच कमी पडत नाहीत. वर "रंग, औषध नव्हे" अशी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली, कारण घरात वयस्कर माणसे आहेत. नवी बाटली आणणे सोपे होते, हे खरे. पण जुन्या मावळ्यांच्या फेट्यांना नेमकी तीच छटा हवी होती.

अंगणात पावसाच्या सरी झेलणाऱ्या बुरुजांसाठी ऑइल पेंटचा लहान डबाही आहे. त्याचा रंग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतो, त्यामुळे पाणी तिथे निरुपयोगी ठरते. कडेची ताजी गळती टर्पेंटाइनने निघते, जुनी मात्र थिनरशिवाय निघत नाही. डब्याचे झाकण एकाच जागी स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नये. कडेभोवती फिरत, थोडे थोडे उचलत जावे. एकदा का कड वाकली, की झाकण पुढे कधीच नीट बसत नाही, हवा आत जाते आणि रंगावर साय धरते. ती साय ढवळून मिसळण्यापेक्षा अख्खी उचलून काढलेली बरी.

खरे काम उघडण्याचे नाहीच, ते आवरताना करायचे आहे, आणि त्या वेळी सगळ्यांचे लक्ष मावळ्यांकडे असते. रंग ड्रॉपरने किंवा आइसक्रीमच्या काडीने बशीत घ्यावा, ब्रश बाटलीत बुडवूच नये. बंद करण्यापूर्वी आटे आणि झाकणाची आतली बाजू ओल्या चिंधीने पुसावी, ऑइल पेंट असेल तर चिंधी टर्पेंटाइनची. आट्यांना व्हॅसलिन लावण्याची शिफारस पुष्कळ जण करतात. मी ती फार संकोचाने मान्य करते, कारण त्यातला किंचित अंश जरी रंगात उतरला तरी रंगवलेल्या पृष्ठभागावर डोळ्यांसारखी गोल भोके पडतात. त्यापेक्षा नळदुरुस्तीवाल्यांची पांढरी टेफ्लॉन टेप चांगली, तिला रंग चिकटत नाही. झाकण ज्या दिशेने आवळले जाते त्याच दिशेने ती गुंडाळावी, नाहीतर ते फिरवताना गोळा होते. 12 मिमी रुंदीची टेप लहान बाटलीच्या मानेला रुंद पडते, तेव्हा ती कात्रीने उभी निम्मी करून घ्यावी.