पेठेची जर्सी, लीगची जर्सी : आमची वाटचाल

कोल्हापुरात शिलाईचा धंदा केला की फुटबॉल टळत नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या सासऱ्यांच्या दुकानात वर्षभर शाळेचे गणवेश आणि बँडवाल्यांचे कोट व्हायचे. पण दिवाळी सरली की तालमीची पोरं कापडाचा तागा खांद्यावर टाकून दारात हजर. तेव्हा शर्टाचे नंबर कापडाचे कापून मशीनवर टाचायचे. आठ आणि तीन हे आकडे सासऱ्यांना मनापासून नावडायचे. वळणं फार, आणि वळणावर टाका सुटतो. एक नंबरच्या गोलकीपरवर मात्र त्यांचा भारी जीव.

बाहेरगावच्यांसाठी थोडं सांगायला हवं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही आमच्याकडच्या फुटबॉल संघांची नावं, आणि सगळ्यांच्या मागे ‘तालीम मंडळ’ आहे. लाल मातीतल्या कुस्तीभोवती जमलेली पेठ पुढं फुटबॉलच्या नादाला लागली आणि नाव तेच राहिलं. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, शाहू स्टेडियमवर लीग घेते. वरिष्ठ गटात १६ संघ. मग महापौर चषकासारख्या स्पर्धा. लोक तिकीट काढून येतात, पेठा-पेठांत ईर्षा एवढी की हुल्लडबाजीपायी सामने थांबवावे लागलेत. चांगल्या खेळाडूला मानधन मिळतं, परदेशी खेळाडूही येऊन गेलेत. पण या क्लबचा मालक कोण, असं पेठेत विचारून बघा. माणूस तुमच्याकडे खुळ्यासारखा बघेल.

लग्न होऊन आले तेव्हा मला ऑफसाइड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आजही रेफ्रीइतकंच माहीत आहे, म्हणजे वाद घालण्यापुरतं. पण हिशेब मला जमायचा. सासऱ्यांनंतर दुकान ह्यांनी आणि मी हातात घेतलं. आधी स्क्रीन प्रिंटिंग, मग छोटा हीट प्रेस, आणि २०१५ ला मुद्रा योजना आली तेव्हा ‘किशोर’ गटातलं कर्ज काढून सब्लिमेशनच्या छपाईचा प्लॉटर आणि मोठा प्रेस. पेठेतली जागा पुरेना, म्हणून उद्यमनगरात गाळा भाड्यानं घेतला. शेजारी लेथ आणि फाउंड्रीची कामं, मधेच आमची शिलाई मशीन. सुरुवातीला आजूबाजूचे कारखानदार हसायचे. आता त्यांच्या पोरांच्या जर्स्या आमच्याकडेच होतात.

सब्लिमेशनची गंमत अशी की रंग कापडाच्या वर बसत नाही, आत जातो. डिझाईन आधी कागदावर छापायचं, कापलेल्या पॉलिस्टरवर तो कागद ठेवायचा आणि दोनशे अंशांच्या आसपास दाबायचं. शाईची वाफ होते आणि ती धाग्यात शिरते. म्हणून कितीही धुवा, रंग सोलत नाही. सुती कापडावर हे चालत नाही आणि गडद कापडावरही नाही. तयार लाल जर्सी आणून तिच्यावर साध्या फिल्मचा पांढरा नंबर दाबला की दोन धुण्यांत तो गुलाबी पडतो, कारण लाल रंग खालून वर चढतो. त्याला मधे ब्लॉकरवाली, म्हणजे खालचा रंग अडवणारी फिल्म लागते. ती महाग पडते आणि पोरांना ते पटत नाही. मग मी त्यांना एक जुना गुलाबी नऊ नंबर दाखवते. तो त्याचसाठी खिळ्याला टांगलाय.

२०१७ आमच्यासाठी मोठं वर्ष. जुलैत जीएसटी आला, त्याचा ताप वेगळा. ऑक्टोबरात १७ वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत तिन्ही सामने हरला, पण कोल्हापुरात त्याचं कुणाला काय! आपला पोरगा वर्ल्ड कपला खेळला. पुढच्या उन्हाळ्यात प्रत्येक मैदानावर कोचिंगचे क्लास निघाले आणि सहा वर्षांच्या पोराची जर्सी केवढी कापायची हे आमच्या कटिंग मास्तरांना नव्यानं शिकावं लागलं.

त्याच सुमाराला ‘तो’ क्लब आला. नाव लिहीत नाही. पुण्या-मुंबईकडचा, आय-लीग या देशपातळीवरच्या लीगच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळणारा छोटा व्यावसायिक क्लब. मागं एक बांधकाम व्यावसायिक. फोन आला, मग ईमेल आला, मग व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म आला, आणि पेठेत ‘वहिनी’ असलेली मी एकदम ‘मॅडम’ झाले.

ऑर्डर बघून ह्यांनी दोनदा चष्मा पुसला. तालीम म्हणजे वीस-बावीस जर्स्या, फार तर दोन रंगांत. इथं होम, अवे, तिसरा सेट, गोलकीपरचे वेगळे, सरावाचे, प्रवासाचे पोलो, सरावात जर्सीवरून घालायचे बिब, ट्रॅकसूट. आणि हे फक्त मोठ्या संघाचं. त्याच्या खाली वयोगटांचे संघ. फुटबॉल फेडरेशनच्या क्लब परवान्याच्या अटींत ज्युनियर संघ चालवायची अट असते. मोठ्या संघाला वर जायचं तर खाली पोरं हवीत. आमची खरी कमाई त्या पोरांच्या किटमध्ये होती, कारण पोरं वाढतात आणि सहा महिन्यांत चड्डी आखूड होते.

त्या लोकांनी आम्हाला शिस्त लावली, हे मान्यच करायला हवं. कापडाचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला वजन किती ग्रॅम, ते लिहून मागायचे. काखेत जाळीचं कापड हवं, गळ्याला फ्लॅटलॉकचीच, म्हणजे सपाट बसणारी शिलाई हवी, छातीवरचा लोगो किती सेंटिमीटर आणि कुठून मोजायचा हेही कागदावर. आमच्या दोन बायकांना फ्लॅटलॉक मशीन शिकवून घेतली ती त्याच कामासाठी, आणि आज त्याच्या जोरावर आम्ही तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या तयार मालाशी टक्कर देतो. पहिल्या हंगामात बिलं अगदी वेळेवर आली. दुसऱ्या हंगामात क्लबनं परदेशी स्ट्रायकर आणला, परवानाधारक कोच आणला, पोरांसाठी हॉस्टेल घेतलं. गटात वर होते. समर्थकांसाठी टी-शर्ट छापू या म्हणाले, आम्ही छापले.

एकदा माल पोचवायला गेलो तेव्हा त्यांचा सामना बघितला. मैदान सुरेख, गवत असं की चप्पल काढून चालावं. खेळही चांगला, आमच्या पोरांपेक्षा पास जास्त आणि शिव्या कमी. पण स्टँडमध्ये खेळाडूंचे आईवडील, अकादमीची पोरं आणि माल घेऊन आलेले आम्ही. आम्ही छापलेले समर्थकांचे टी-शर्ट अंगात होते ते अकादमीच्या पोरांच्या, फुकट वाटलेले. ह्यांनी तिथंच मला विचारलं, “ह्यांचं माणूस कुठं हाय?” परतीच्या वाटेवर पेठनाक्याला चहा घेतला तरी त्यांच्या डोक्यातून ते जाईना.

ह्यांना महाराष्ट्रातल्या क्लबांची कुंडली पाठ आहे. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे आय-लीगच्या आधीची लीग, जिंकली आणि २०१० मध्ये क्लबच बंद झाला. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला, आय-लीगमधल्या स्वतःच्या पहिल्याच हंगामात, २००९-१० ला, तिसरा आला, २०१२-१३ ला उपविजेता ठरला, आणि २०१५ मध्ये आटोपला. भारत एफसी तर एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये लीगबाहेर. मुंबई एफसी त्याच वर्षी आय-लीगमधून खाली गेला आणि तिथंच संपला. इंडियन सुपर लीगमधला, म्हणजे आयएसएलमधला, एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९, मग त्याच्या जागी हैदराबाद एफसी. म्हणजे २०१५ च्या आसपास एकट्या पुण्यात वरच्या पातळीचे तीन क्लब होते आणि पाच वर्षांत एकही उरला नाही. यातले बहुतेक मोठ्या उद्योगसमूहांचे, पैसा कमी पडला म्हणून गेले असं म्हणवत नाही. आयएसएल २०१४ ला सुरू झाली आणि आय-लीगच्या क्लबांना जिंकूनही वरची वाट नव्हती. तो नियम पुढं बदलला, २०२२-२३ चा आय-लीग विजेता पंजाबचा संघ आयएसएलमध्ये गेला. पण तोवर इथले गेले होते. दूरचित्रवाणीचा पैसा छोट्या क्लबपर्यंत पोचत नाही, गेटचा पैसा नाही, आणि विमान, हॉटेल, पगार दर महिन्याला. सगळा खर्च एका चेकबुकातून. ते चेकबुक मिटलं की क्लब मिटला. हे मी अर्थतज्ज्ञ म्हणून सांगत नाही, आमच्या लेजरमध्ये दिसतं म्हणून सांगते.

आमच्या त्या क्लबचं मिटणं आम्हाला जर्सीवर आधी दिसलं. तिसऱ्या हंगामात छातीवरचा प्रायोजक गेला आणि त्या जागी मालकांच्याच दुसऱ्या कंपनीचं नाव आलं. मग पाठीवर खेळाडूंची नावं नकोत, नुसते नंबर द्या, असा निरोप आला. नावं नकोत म्हणजे पोरं टिकणार नाहीत. मग तिसरा सेट रद्द. मग पोलोचं कापड हलकं चालेल. जे साहेब काखेतल्या जाळीवरून माल परत पाठवायचे, तेच म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडे असेल त्या कापडात करा.” जानेवारीत परदेशी स्ट्रायकर गेला. मार्चनंतर फोन उचलणंच बंद. बांधकाम धंद्यात मंदी आहे, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

आमची दोन बिलं अडकली होती आणि अकादमीचा तयार माल गाळ्यात पडून होता. मालावर त्यांचा लोगो, तोही सब्लिमेशनचा, म्हणजे काढता येत नाही! कागद हातात होते, म्हणून सरकारच्या ‘समाधान’ पोर्टलवर तक्रार टाकली. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. कायदा चांगला आहे, चाल मात्र बैलगाडीची. शेवटी क्लबच्या हिशेबनीसानंच मधे पडून मुद्दलातला मोठा भाग दिला आणि आम्ही सही केली. व्याजावर पाणी सोडलं. अकादमीतला एक मुलगा गडहिंग्लजचा होता. त्याचे वडील पडून राहिलेल्या मालातला त्याचा सेट विकत मागायला आले होते. पैसे घेतले नाहीत.

२०१९ ला पंचगंगेचा पूर आणि २०२० ला टाळेबंदी. पुराचं पाणी गाळ्यात आलं नाही, पण बायका कामावर येऊ शकल्या नाहीत. टाळेबंदीत त्याच पॉलिस्टरच्या रंगीत मास्क शिवल्या. जगलो.

आता तालमीचं बघा. उधारी यांचीही असते, आणि ती कुठल्याच कायद्यात बसत नाही. सेमी फायनलच्या आदल्या रात्री दहा वाजता पोरं शटर वाजवतात, “वहिनी, धा नंबर फाटलाय, उद्या मॅच हाय, करून द्या की.” बिल विचारलं की, “गणपती झाला की देतो.” पण देतात. एकानं नाही दिलं तर दुसरा देतो. मंडळाचा अध्यक्ष बदलला तर नवा अध्यक्ष जुन्याची उधारी आधी फेडतो, कारण पेठेत तोंड दाखवायचं असतं. छातीवर कधी सराफाचं नाव, कधी नगरसेवकाचं, कधी दूध डेअरीचं. एक प्रायोजक फिरला की त्याच आठवड्यात दुसरा उभा. त्यांची जर्सी साधी असते, कापड ते स्वस्तच मागतात, आणि पाठीवर खरं नाव कधीच नाही, टोपणनाव. ते टोपणनाव आख्ख्या स्टेडियमला माहीत असतं. हे फार आदर्श चाललंय असं नाही. वशिला आहे, भांडणं आहेत, अठराव्या वर्षी हिरो आणि पंचविसाव्या वर्षी रिक्षा, असं झालेली पोरं मी बघितलीत. अकादमीतल्या पोराला निदान आहार काय घ्यायचा ते सांगणारं कुणी होतं. ती शिस्त आणि ही माणसं एका जागी आली असती तर, असं ह्यांना वाटतं. मला वाटतं, मग पहिल्याच वर्षी अध्यक्षपदावरून भांडण झालं असतं.

धंद्याचे नियम तेवढे बदलले. नावामागं ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असलेल्या क्लबकडून निम्मे पैसे आगाऊ, उरलेले माल उचलताना. तालमीकडून आगाऊ काहीच नाही, पण पेठेतल्या दोन मोठ्या माणसांची नावं वहीत. यात उलटा न्याय दिसतो, असं आमचे चार्टर्ड अकाउंटंट दरवर्षी मार्चमध्ये म्हणतात.

गेली काही वर्षं मुलींचे संघ वाढले आहेत. इंडियन वुमेन्स लीगमध्ये कोल्हापूर सिटीचा संघ उतरला तेव्हापासून शाळा-कॉलेजातून विचारणा होते. मुलींना मुलांचाच साचा एक माप लहान करून द्यायची पद्धत होती. ते अंगावर नीट बसत नाही, खांदा उतरतो आणि कमरेत घट्ट. आम्ही वेगळे साचे कापलेत, माप घ्यायला मैदानावर आमच्याच बायका येतात.

या हंगामासाठी डिझाईन दसऱ्याच्या आत पक्कं करून द्यावं. दिवाळीत कारागीर गावाला जातात, आणि दिवाळीनंतर सगळ्या पेठा एकाच आठवड्यात दारात येतात. लाल जर्सीवर पांढरा नंबर हवा असेल तर ब्लॉकरचे पैसे वेगळे पडतील.