महिन्याभरात काय वाचलं, आणि कोणती प्रत घ्यायची?

"या महिन्यात काय वाचलंत, आणि आम्ही त्यातलं काय घेऊ?" दर महिनाअखेरीला कुणी ना कुणी विचारतंच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. या वेळी चार पुस्तकं, चारही जुनी. जुन्या पुस्तकात हातात कुठली प्रत आली यावर निम्मं मत ठरतं.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती 'माझा प्रवास'मध्ये. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७च्या बंडात सापडले. ही हकीकत त्यांनी नंतर बऱ्याच वर्षांनी आठवणीतून लिहिली. चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ साली छापली, पण भाषेवर हात फिरवून आणि मजकुरात काटछाट करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. म्हणजे एकाच नावाची दोन पुस्तकं. मुखपृष्ठावरून फरक कळेलच असं नाही. आतलं शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू उघडून संपादकाचं नाव बघा. वैद्यांची प्रत सरसर वाचून होते. भटजींचा स्वतःचा आवाज मात्र पोतदारांच्या प्रतीत. तिची पहिली दहा पानं मोठ्याने वाचावीत. लांबलचक वाक्यं डोळ्याला अडतात, कानाला नाही.

दुसरी चूक म्हणजे पुस्तक झाशीचा इतिहास म्हणून वाचणं. यात डोळ्यांनी पाहिलेलं आणि वाटेत ऐकलेलं असं दोन्ही आहे, आणि भटजी दोन्ही सारख्याच ठामपणे सांगतात. पेन्सिल घेऊन समासात 'पा' आणि 'ऐ' अशा खुणा करत जा. झाशीच्या वेढ्यात ते शहरात होते, तिथे 'पा'ची रांग लागते; इतर ठिकाणच्या लढायांना बहुतेक 'ऐ'. माझ्या मते पुस्तकाचं खरं बळ लढाईत नाहीच. ते जेवणावळींच्या वर्णनात आहे, दक्षिणेच्या हिशेबात आहे, आणि लुटालुटीतून वाचून आईवडिलांसाठी गंगेची कावड घरी नेणाऱ्या माणसाच्या हट्टात आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राची संक्षिप्त प्रत मुळीच घेऊ नका. संक्षेपात घटना राहतात: लग्न, पती ना. वा. टिळकांचं १८९५चं धर्मांतर, ताटातूट, पुन्हा एकत्र येणं. गळतात ते फाटे, आणि लक्ष्मीबाईंचा विनोद तर फाट्यांतच आहे. वडिलांच्या सोवळ्याचाच भाग घ्या. मीठसुद्धा धुऊन घेणारा माणूस हसू आणतो, आणि त्या घरातल्या बाईमाणसांचे हाल दोन ओळींनी लक्षात येतात. रोज पंधरा-वीस पानं पुरे. एका बैठकीत शंभर पानं ओढली की किस्से एकमेकांत मिसळतात आणि मग 'जरा पाल्हाळ आहे' असं मत होतं. तो दोष वाचण्याच्या वेगाचा.

विश्राम बेडेकरांची कादंबरी 'रणांगण' याच्या उलट: दोन बैठकींत संपवावं, मध्ये चार दिवस गेले तर बोटीवरचा कोंडलेपणा विरतो. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर नाझींपासून पळणारे ज्यू, आणि मायदेशी परतणारा चक्रधर. सुरुवातीला त्याचा बायकांविषयीचा कडवटपणा खटकतो आणि बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात. त्याचं उमाबरोबरचं जुनं प्रेमप्रकरण कळेपर्यंत थांबा. कडवटपणा पटणार नाही, पण त्याचं मूळ दिसेल. प्रस्तावना असेल तर ती शेवटी वाचा, कारण प्रस्तावनाकार शेवट फोडतात. आणि १९३९ हे प्रकाशनाचं साल डोक्यात ठेवा. पुढे ज्यूंचं काय झालं हे आपल्याला माहीत आहे, लिहिणाऱ्याला तेव्हा माहीत नव्हतं. बोटीवरच्या हेर्टा या ज्यू तरुणीची भीती त्यामुळे आज जास्त अंगावर येते. मला चारही पुस्तकांत हेच सर्वांत घट्ट विणीचं वाटलं, सुरुवातीची पानं धरूनही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'बद्दल, म्हणजे धनगरांच्या वाडीत आलेल्या शाळामास्तराच्या कादंबरीबद्दल, थोडंच. वाक्यं इतकी आखूड की वेग आपोआप वाढतो आणि मेंढरं, माळ, तालमीचं बांधकाम नुसतं सरकून जातं. माणदेशी शब्द अडला तर कोश काढू नका, पुढच्या दोन वाक्यांत तो उलगडतो.

विकत घ्यायचीच तर पोतदारांचा गोडसे आणि संपूर्ण 'स्मृतिचित्रे' घ्या, ती पुन्हा पुन्हा उघडली जातात. बाकी दोन वाचनालयातून आणली तरी आठवड्याच्या आत परत करता येतील.